एका पेटीत दोन बिऱ्हाडे

दसऱ्याच्या साफसफाईत आमच्या घरातून काहीतरी नाहीसे होतेच. एका वर्षी माझा चष्मा गेला, एका वर्षी विम्याची पावती. यंदा कॉम्प्युटर गेला. म्हणजे पेटी जागेवर होती. लख्ख पुसलेली, वर क्रोशाचा रुमाल घातलेली. फक्त सुरू होईना.

हा कॉम्प्युटर दुकानातून आयता आणलेला नव्हे. २०१२ साली मुलगी इंजिनिअरिंगला असताना तिने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन खेपा घालून एकेक भाग आणला आणि तळेगावातल्या आमच्या बैठकीत, सतरंजीवर बसून तो जुळवला. मी टॉर्च धरला. आत तिने दोन बिऱ्हाडे थाटून दिली. एकात विंडोज, दुसऱ्यात उबंटू. बटण दाबले की यादी येते, कोणाकडे जायचे ते आपण सांगायचे. शेजारधर्म बेताचाच. उबंटू पेटीतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतो आणि विंडोज तीच इथली समजतो. त्यामुळे माझ्याकडे संध्याकाळचे साडेसात झाले की सौभाग्यवतींकडे दुपारचे दोनच. विंडोजमध्ये त्यांच्या महिला मंडळाचे हिशेब असतात. उबंटूत माझे लिखाण, आणि आईचा आवाज.

आईचे वडील इथल्या पैसा फंडाच्या काच कारखान्यात कामाला होते. अंताजीपंत काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून जो निधी उभा केला, त्यातून १९०८ साली निघालेला हा कारखाना. आई लहानपणी वडिलांचा डबा घेऊन भट्टीपर्यंत जाई. फुंकणीच्या टोकाला लाल गोळा कसा फुगे, निवताना त्याचा रंग कसा पालटे, हे ती सांगे आणि मी ते मुद्रित करून ठेवी. असे अकरा तास जमले होते. आई जाऊन तीन वर्षे झाली. दुसरी प्रत उद्या काढू, उद्या काढू, म्हणता म्हणता तीन दिवाळ्या गेल्या होत्या.

आणि आता काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ. अर्थ असा, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"तीन दिवस प्लग काढून ठेवला होतास तू!" मी म्हणालो.

"अहो, प्लग काढल्याने मिक्सर बिघडला का? पंखा बिघडला?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने मिनिटभर पडदा पाहिला. "काका, फॉरमॅट मारू. तासाभरात नवीकोरी. आणि ते दुसरं काढूनच टाकू, तुम्हाला कशाला हवंय दोन-दोन?" पोरगा गुणी होता, पैसेही कमी सांगत होता. मी "घरी विचारून सांगतो" म्हटले आणि पेटी पुन्हा मांडीवर घेतली. मुलीची स्थळे आणि दुकानदार यांना परतवायला मराठीत याहून चांगले वाक्य नाही.

रात्री बंगळूरला मुलीला फोन लावला.

"बाबा, सुरू करा आणि लगेच डिलीट दाबत राहा."

"डिलीट? अगं, आजी आहे आत!"

"बटणाचं नाव आहे हो ते! त्यानं काही पुसलं जात नाही."

थरथरत्या बोटाने दाबले. कोष्टकांचा एक पडदा आला. "आता तारीख सांगा."

"घड्याळाचं म्हणशील तर साडेपाच तासांचा घोळ जुनाच..."

"वेळ नको, तारीख."

"एक जानेवारी २०१२."

ती हसली. "सापडलं. सेल संपलाय."

मदरबोर्डवर रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. प्लग लावलेला असतो तोवर बोर्डाला विजेचा घोट मिळत राहतो आणि सेल मेल्याचे कोणाला कळतही नाही. प्लग काढला की सारा भार त्याच्यावर. वेळ कोणती आणि कोणत्या डिस्कपाशी आधी जायचे, असल्या गोष्टी तो जपतो. तो गेला आणि बोर्ड आपल्या जन्मदिवसाला परतला. मागाहून फोटोंसाठी घातलेल्या डिस्कपाशी जाऊन मला सुरू कर म्हणू लागला. खऱ्या डिस्कवरचे अक्षरही हललेले नव्हते.

शेवटच्या दोन वर्षांत आईही रोज सकाळी वार विचारी. मला कधीकधी 'दादा' म्हणे, म्हणजे तिचा थोरला भाऊ समजे. भट्टीचे विचारले, की मात्र फुंकणीची लांबी हाताने दाखवी.

क्रम बदलला, यादी आली, उबंटू उघडला. विंडोज निळा पडदा दाखवून मागे फिरे. डिस्कशी बोलण्याची एएचसीआय नावाची रीत विसरून बोर्ड जुन्या आयडीईवर गेला होता. तीही बदलली आणि महिला मंडळाचा ताळेबंद परत आला. (दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ हा सेल आणला. तो बसवायला प्लग काढला आणि बोर्ड पुन्हा सगळे विसरला. मग रात्रीचा सारा खटाटोप नव्याने केला, पण या खेपेस कोणाला न विचारता.)

त्या रात्री मी आधी पेनड्राइव्ह लावला. प्रत निघत होती तोवर एक मुद्रण सहज लावले. सौभाग्यवती शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आई डब्याचे सांगत होती. उन्हातून जाताना पाय कसे पोळत ते. सांगता सांगता मध्येच थांबली आणि ओरडली, "अगं, दूध बघ गं, उतू जातंय!"

सौभाग्यवती झटकन उठून स्वयंपाकघरात गेल्या.