कड पाहून घ्या

अब्बांची उर्दू पुस्तके आणि माझी मराठी पुस्तके ठेवायला सुट्टीत घरीच कपाट बांधायचे ठरवले. सागवान परवडणारे नव्हते. उरला मेलामाइनचा थर असलेला बोर्ड; बाजारात त्याला प्रीलॅम म्हणतात.

दुकानात आठ बाय चारच्या शीट ओळीने उभ्या होत्या, सगळ्यांचा चेहरा सागवानी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लाकूडच आहे." मला धान्यबाजाराची हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. मी शीटची कापलेली कड पाहायला मागितली.

मेलामाइन म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेला नक्षीचा कागद, गरम दाबाखाली बोर्डावर बसवलेला. तो डाग पडू देत नाही, पॉलिशचा खर्च वाचवतो. पण ओझे पेलतो तो आतला माल. कडेला भुसा-चिपाडे दिसली तर पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखा एकसारखा पोत दिसला तर एमडीएफ, थर दिसले तर प्लाय. पहिल्या दोघांत कडेतून पाणी शिरले की ते फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. वाळवीलाही वरचा कागद अडवत नाही.

आमचा पाऊस कोकणातला. म्हणून खालची बैठक वॉटरप्रूफ प्लायची केली. वरचे कपाट १८ मिमी पार्टिकल बोर्डाचे. पुस्तके जड, तेव्हा फळी दोन फुटांपेक्षा लांब ठेवली नाही, नाहीतर ती मधे झोळ खाते. स्क्रूआधी भोक पाडले, नाहीतर कड फुटते. पट्टी सगळ्या कडांना लावली, भिंतीकडच्या आणि तळाच्याही. तिथे कुणी बघत नाही, पण ओल तिथूनच येते. गोंदात फॉर्मल्डिहाइड असते, म्हणून कमी उत्सर्जनाचा ई-१ बोर्ड मागितला आणि कपाट काही दिवस उघडे ठेवले.

पार्टिकल बोर्ड स्वस्त आहे, हा त्याचा दोष नाही. लाकूड म्हणून तो विकणे, हा दोष विकणाऱ्याचा. आपल्याकडे मुलीच्या लग्नात कर्ज काढून चकचकीत कपाट देतात आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचा तळ फुगतो. मग टोमणे ऐकते ती मुलगी. द्यायचेच असेल तर आधी दार उघडा, बिजागरीचे भोक पाहा, पाठीमागची कड पाहा. आणि दुकानदार मोमीन असेल, तर ती कड त्याने स्वतःच दाखवावी.