एक पावसाळा पाहून घे

शिरपूर जैन,
चैत्र वद्य नवमी

चि. बेबी,


शेतातल्या घराचा तुझा नकाशा मिळाला. तू विचारलंस ते एवढंच, की देवघर ईशान्येला बसलंय ते बरोबर ना. बरोबर आहे, बाई. पण त्याखाली तू सहज लिहून गेलीस, ‘जेसीबी सांगून ठेवलाय, धुरा काढून रान सपाट करते, निंब पाडते आणि अक्षय तृतीयेला भूमिपूजन.’ ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणून मला गप्प करतेस, म्हणून लिहितेय. सगळं वाच.

आधी तो जेसीबी थांबव. आजच.

वावराचं वरचं टोक मुरमाड आणि खालचं काळंभोर, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पाणी वरून येतं, धुऱ्यापाशी थबकतं आणि निंबाला वळसा घेऊन नाल्याला लागतं. आबांनी तो धुरा उगाच घातला नव्हता. तो काढलास तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुझ्या बैठकीत शिरेल. आणि एकदा पावसाळ्यात गाडी आसापर्यंत रुतली होती ना, नेमकं तिथेच तू स्वयंपाकघर काढलंयस! तुझ्या पुण्याच्या आर्किटेक्टने हे वावर उन्हाळ्यात पाहिलं. उन्हाळ्यात सगळीच वावरं शहाणी दिसतात.

माझं म्हणणं एकच आहे, आणि मरेपर्यंत तेच राहील. शेतात घर बांधायचं तर मृगापासून हस्तापर्यंत एक पावसाळा ती जमीन पायाखाली घालावी, आणि मग कागदावर रेघ मारावी. पाणी कुठे साचतं, कुठे मुरतं, चिखल किती दिवस राहतो, झड कुठल्या बाजूने येते, हे डोळ्यांनी बघ. मुहूर्तच हवा तर दसरा आहे. तोही साडेतीन मुहूर्तांतलाच.

शाळेत काळ्या मातीचा धडा मी तुम्हालाही शिकवला होता. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंत दर वर्षी थोडी उचलली जाते, थोडी खचते. गावातल्या घरात दादाच्या, तुझ्या वडिलांच्या, खोलीतली ती तिरपी भेग किती वेळा बुजवली, आठव. गिलाव्याने तो रोग जात नाही. मुरूम लागेपर्यंत खणायचं. काळी माती फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा ठेवून जमिनीत काँक्रीटचे खांब उतरवतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती रीत अशाच मातीसाठी घडवली. तुझ्या इंजिनियरला विचार, त्याला माहीत असेल. घराभोवती तीन-एक फुटांची उतरती फरशी हवी, म्हणजे पायाजवळची माती एकदम भिजणार नाही. त्याहून सोपं सांगू? घरच वरच्या मुरमाड टोकाला ने. तिथून रस्त्यावरची बस दिसणार नाही म्हणून तू ते टोक नाकारलंस. बस दिसून काय करायचंय?

निंबाचंही तसंच. मुळ्या पायाला त्रास देतात, ही तुझी भीती खरी आहे. पण तेवढ्यासाठी झाड पाडू नये. झाड जेवढं उंच तेवढं अंतर राखावं आणि घर सरकवावं. दोन एकर वावर आहे तुझ्याजवळ. जागा नाही म्हणून अंगावर अंग घालून राहायला ते पुणं नव्हे.

आता उन्हाचं. आपलं गाव 20 अंश अक्षांशाच्या किंचित वर. मेच्या 20 तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. म्हणजे आपल्याकडे खरा मार छताला बसतो, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला. तुझ्या नकाशात वर उघडा स्लॅब आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच! त्या काचेमागे वहिनी दुपारी बसेल कशी? तो स्लॅब दिवसभर तापेल आणि रात्रभर खोलीत ऊन ओतत राहील. पश्चिमेला न्हाणी, कोठी, जिना असं काहीतरी घाल. स्लॅबवर पांढरे चिनी मातीचे तुकडे बसव, नाहीतर वर कवेलूंचं दुसरं छप्पर घे, मध्ये वारा खेळेल असं. छताचं पाणी वाया घालवू नको. हजार चौरस फुटांवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटर होतं. ते विहिरीजवळ मुरव.

आणि बेबी, तुझ्या घराला ओसरी नाही. तीन वेळा नकाशा फिरवून पाहिला. दार उघडलं की थेट सोफा. सेवाग्रामच्या सहलीत तू विचारलं होतंस, एवढ्या मोठ्या माणसाचं घर एवढंसं कसं? गांधीजी 1936 साली तिथे राहायला आले. जवळपास मिळणारी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांतच ती घरं उभी राहिली. पण ओसरीत त्यांनी काटकसर केली नाही. ओसरीमुळे ऊन भिंतीला शिवत नाही आणि आलेला माणूस चपला काढता काढता बसतो. दादाला भेटायला येणारे धोतरातले म्हातारे तुझ्या सोफ्यावर बसतील का? ते बाहेरूनच रामराम करून जातील. मग हळूहळू येणंच थांबेल.

किल्लारीला भूकंपानंतर तेच झालं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली. त्यामुळे मजबुतीशी तडजोड करू नको, बीम-कॉलम नीट घाल. पण नंतर वसवलेल्या कित्येक गावांत शहरासारखे सरळ रस्ते आखले, आणि बैल बांधायचा कुठे, कुटार ठेवायचं कुठे, चार बायांनी बसायचं कुठे, हे लोकांना मागाहून स्वतः जोडून घ्यावं लागलं. तुझ्या नकाशात गाडीसाठी दोन जागा आहेत. गाईच्या कोठ्याला एकही नाही. दादा गाय सोडून राहील असं तुला वाटतं?

खरं सांगू का, हे छत आणि पाया मी लिहीत राहिले, पण मनात दुसरंच आहे. तू लिहितेस, सुरुवातीला दादा-वहिनी राहतील आणि तू नोकरी आटोपून दोन वर्षांनी येशील. म्हणजे दोन पावसाळे ती दोघं एकटी, वावरात. पांदण रस्त्याला श्रावणात घोटाभर चिखल असतो. मागच्या श्रावणातली ती रात्र तुला माहीत आहे. शेजारचा पोरगा मोटारसायकल घेऊन धावला म्हणून दादा वाशीमच्या दवाखान्यात वेळेवर पोचला. वावरात कोण धावेल? कुणाच्या भिंतीवर वहिनी हात आपटेल? रात्री वीज गेली, पायाखाली जनावर आलं, तर? पांदण रस्त्यांच्या सरकारी योजनेतून रस्ता होतो, ग्रामपंचायतीत अर्ज दे. खडी पडून एक पावसाळा टिकली की मग दादाला हलव. त्याआधी गावातलं घर मोडायचं नाही, विकायचं नाही, आणि भाड्यानेही द्यायचं नाही.

तू परत येतेस याचा मला किती आनंद झालाय ते मी लिहिलंच नाही. या गल्लीतली पोरं गेली ती गेलीच. तू येतेस. म्हणूनच घाई नको. मृगाच्या पहिल्या पावसाला चार दिवस रजा काढून ये. आपण दोघी छत्री घेऊन वावरात फिरू आणि खुंट्या ठोकू.

तुझी,
आत्या

ता. क. पश्चिमेचा धुरा आपल्या एकट्याचा नाही, तो काकासोबत सामाईक आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दे, आणि हद्दीच्या खुणा काकाला बोलावून, त्याच्या समोरच रोव. आपल्या गावात अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवळाला 1981 मध्ये कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 साली निघालं. हक्काचा वाद एकदा कोर्टात गेला की एवढा काळ जातो. माझे दोन्ही भाऊ बोलत राहिले पाहिजेत. धुऱ्याला हात लावायच्या आधी काकाकडे तू स्वतः जा, वकिलाला पाठवू नको.