हिमद्राक्षांची वारुणी

सुरतेत राहणाऱ्या माणसाने मद्यावर लिहावे, यात थोडा विनोद आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० साली गुजरातेच्या वाट्याला आला, आणि तेव्हापासून या शहराच्या उघड पाहुणचारात पेला आहे तो नीरेचा. वास्तविक याच तापीकाठी इंग्रजांची वखार होती. १६८९ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने तिथल्या पंक्तीचे जे वर्णन केले आहे, त्यात शिराझची द्राक्षमदिरा आहे. आज हिवाळ्याच्या पहाटे लोक नीरेसाठी उभे असतात, आणि मला त्याचा खेद वाटत नाही. झाडाला रात्री आतून चुना फासलेले मडके बांधावे आणि ऊन चढण्यापूर्वी उतरावे. गारवा आहे तोवर ती नीरा. एकदा उन्हाने तापली की आंबून मादक होऊ लागते. या पेयाचे शील राखते ती थंडी.

हे मी मागील हिवाळ्यात माझ्या मेहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगत होतो. ते कॅनडात नायगाराच्या परिसरात राहतात. दुसरा पेला संपवून ते म्हणाले, “आमच्याकडे थंडी गोडी राखत नाही, घडवते.” आणि मग त्यांनी मला हिमद्राक्षांची हकीकत सांगितली.

तिकडे काही मळ्यांत द्राक्षे पिकल्यावरही खुडत नाहीत. पाखरांपासून वाचवण्यासाठी वेलींवर जाळी घालतात आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाट पाहतात. पारा शून्याखाली ८ अंशांवर गेला की रात्रीच मजूर मळ्यात शिरतात. गारगोटीसारखी झालेली द्राक्षे तशीच चरकात घालतात. पाण्याचे बर्फ होऊन ते चोथ्यातच राहते. गळतो तो केवळ साखरेचा आणि आंबटपणाचा दाट अर्क. नेहमीच्या रसाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकाही तो निघत नाही. म्हणून बाटली लहान, आणि मोल मोठे.

ही युक्ती कोणा पंडिताची नव्हे. जर्मनीत बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइम गावी १८२९ चे पीक इतके हलके आले की शेतकऱ्यांनी ते गुरांच्या वैरणीसाठी वेलींवरच सोडले. १८३० च्या फेब्रुवारीत पाहतात तो गोठलेल्या घडांत विलक्षण गोडी! कॅनडाची कीर्ती मात्र अलीकडची; १९९१ साली बोर्दोच्या प्रदर्शनात इनिस्किलिनच्या मदिरेने मानाचे पारितोषिक घेतले तेव्हापासूनची. आणि जर्मनीत २०१९ च्या हंगामात हिवाळाच इतका उबदार निघाला की हा व्यवसाय जवळजवळ हात हलवत बसला.

मेहुण्यांनी आणलेली बाटली सुरतेला आलीच नव्हती. मुंबईत उतरल्यावर ती परस्पर निफाड तालुक्यात माझ्या थोरल्या मामांकडे गेली होती, आणि आठवड्याने आम्हीही तिच्या मागोमाग गेलो.

ही मदिरा वाढण्याचे काही संकेत आहेत. ती गार हवी, दहाबारा अंशांवर. पण फार गार नको, नाहीतर सुवास मिटून बसतो. पेला लहान असावा आणि त्यात तीनचार घोट, अधिक नाहीत. सोबतचा पदार्थ तिच्याहून गोड असता कामा नये. मामींनी हौसेने पुरणपोळी केली होती. तिच्यापुढे ती मदिरा केवळ आंबट लागली. खारवलेले काजू आले आणि तिचे तेज परतले. गोव्याच्या घरांत नाताळात बिबिंकेबरोबर गोड पोर्टवाइन पुढे येते. तिला ती गोडी सोसते, कारण ती अंगाने भारदस्त. ही नाजूक आहे. जर्दाळू आणि मध यांचा वास, मग जिभेच्या कडांवर एक लख्ख आंबट रेघ. ती रेघ नसती तर उरला असता नुसता पाक.

मामा आयुष्यात कधी प्याले नव्हते. द्राक्षाचे आहे म्हणून केवळ त्यांनी पेला हाती घेतला. निफाडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यांचे मन कळेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा चार-पाच अंशांखाली गेल्याची वार्ता आली की तालुकाभर झोप उडते. मण्यांना तडे जातात, वाढ खुंटते. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर कोंडायचा, ठिबकने वेलींना पाणी द्यायचे. एका वर्षी अशाच थंडीने मामांची अर्धी बाग निर्यातीतून बाद झाली, आणि धाकट्या मुलीचे लग्न वर्षभर लांबले. घरात त्याचा उच्चार होत नाही.

मेहुण्यांनी सगळी रीत पुन्हा सांगितली. मामांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

“म्हणजे तिथला शेतकरी थंडीची वाट पाहतो?” त्यांनी विचारले.

“हो. पडली नाही तर पीक वाया.”

“आणि पडेपर्यंत घड वेलीवर? पाखरं, वारा, पाऊस, सगळं अंगावर घेऊन?”

“हो, मामा.”

मामा हसले. “मग तोही झोपत नसेल,” ते म्हणाले. उरलेला घोट त्यांनी सावकाश संपवला, पेला उपडा घातला, आणि कानटोपी चढवून शेकोट्यांसाठी काड्यापेटी शोधू लागले.