ताटातला अर्धा मुलूख

१ जूनला होडी मुंबईतल्या दांड्याच्या किनाऱ्यावर ओढून घेतली, शाकारली, आणि घरात एकदम शांतता पसरली. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी. हे मासळीचे अंडी घालण्याचे दिवस. माझे वडील म्हणायचे, दर्याच्या घरात बाळंतपण आहे, आवाज करू नका.

दर वर्षी हे दोन महिने जाळी दुरुस्त करण्यात जातात. या वर्षी लेकीचे पाय स्प्लेंडरच्या फूटरेस्टला टेकायला लागले. ती नऊ वर्षांची. पाय टेकले की नेईन, असं मी दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं आणि ते ती विसरली नव्हती. तिच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट मिळेपर्यंत चार दुकानं फिरलो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवंच, असं कायदा सांगतो. मला त्याच्या सांगण्याची गरज नव्हती. मागे बसलेल्या आपल्या मुलाचं वजन पाठीला लागलं की हात आपोआप हलका होतो, गाडी चाळिसाच्या वर जातच नाही.

जायचं कुठे, हे माझ्या आजीने ठरवून ठेवलं होतं, तिच्याही नकळत. पावसाआधी लोक आगोटीची बेगमी करायचे, तेव्हा ती सुके बोंबील आणि जवळा टोपलीत भरून एसटीने वाडा तालुक्याकडे जायची आणि येताना तांदूळ आणायची. पैसे फारसे हाताळलेच जायचे नाहीत. आमच्या ताटात अर्धा भाग मासळीचा, अर्धा भाताचा. मासळीचा अर्धा मुलूख मला तोंडपाठ आहे, अंधारातही. भाताचा अर्धा मी कधी पाहिलाच नव्हता. माझं वय बेचाळीस.

जूनच्या मध्यावर, मोठा पाऊस पडून गेल्यावर पहाटे निघालो. दहिसर मागे टाकलं, वसईची खाडी ओलांडली. पुलावर तिने पाण्याचा वास घेतला आणि म्हणाली, "ओहोटी आहे." शिरसाड फाट्याला हमरस्ता सोडला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. मोटारसायकलवर पुढच्याला फक्त रस्ता दिसतो, खड्डे, ट्रकची मागची बाजू. मागे बसलेल्या मुलाला कडेचा सगळा मुलूख मिळतो. ती बोलत होती आणि ते मला कानांपेक्षा पाठीने जास्त ऐकू येत होतं. बगळे. ओली गुरं. इरलं घेतलेली बाई. वज्रेश्वरीला तानसा नदीकाठी चहा घेतला. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९मध्ये किल्ला जिंकल्यावर देऊळ बांधलं गेलं, असं सांगतात. लेकीला मात्र किल्ल्यापेक्षा नदीचं नवल. याच नदीवर वर धरण आहे आणि १८९२पासून मुंबई त्याचं पाणी पिते, हे सांगितल्यावर ती बराच वेळ नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपण नळातून हिला ओळखतो."

अंबाडीच्या पुढे भाताची खाचरं सुरू होतात. आजी ज्या घरी उतरायची ते घर विचारत विचारत सापडलं. दारात मावशी होत्या. मी सांगितलं, दांड्याचे कोळी. त्या हसल्या, "आम्हीपण कोळीच. मल्हार कोळी." लेक गोंधळली. "मग तुमची होडी कुठाय?" मावशींनी शेताकडे बोट दाखवलं. राबाच्या तुकड्यात भाताची रोपं बोटभर उंच झाली होती, इतकी हिरवी की डोळ्यांना थंड वाटावं. वाडा कोलम. बारीक, मऊ दाण्याचा तांदूळ, इकडे त्याला झिनीही म्हणतात. २०२१मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

पण तिथं मला अडवलं ते भाताने नाही, पडवीतल्या पातेल्याने. त्यात मासे होते. शिवडे, मळे, दोन-तीन बोटांएवढे. रात्री वलगण चढली होती. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी शेतांत शिरतं, शेतांचं ओढ्यात उतरतं, आणि मासे त्या प्रवाहाच्या उलट चढत खाचरांत येतात, अंडी घालायला. जन्मभर मासे बघितलेला मी, पण मासा भाताच्या शेतात चढतो हे पहिल्यांदा पाहिलं. लेकीने एक मासा उचलला, अंगठ्याने पोट दाबून पाहिलं, अगदी तिच्या आजीसारखं.

"गाभोळी आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बाबा, इथे बंदी नाही?"

पडवीत कोणी बोललं नाही. मावशीच शेवटी म्हणाल्या, "बाय, वर्षात दोन-तीन रात्री येतात हे. पूर्वी टोपल्या भरायच्या. आता पातेलं भरत नाही."

आमचा दर्या सक्तीने थांबतो. थांबल्यावर दोन महिने घर कसं चालतं ते मला माहीत आहे, म्हणून दुसऱ्याच्या पातेल्याकडे बोट दाखवायची माझी हिंमत होत नाही. तरी मला मनापासून वाटतं, वलगणीची पहिली रात्र माशांना द्यावी. हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती का, कळलं नाही. सुके बोंबील त्यांना दिले आणि त्यांनी पायलीभर तांदूळ बांधून दिला, माझ्या आजीचं नाव घेऊन.

जुलैत पुन्हा गेलो, आवणीला. गुडघाभर चिखल. बायका ओळीने वाकलेल्या, रोपांच्या मुठी मागे फेकल्या जात होत्या. लेकीला एक मूठ मिळाली. तिने सोळा रोपं लावली. सात आडवी झाली, ती मावशींनी नीट केली. उठल्यावर तिने बांधावरून जागा मोजून ठेवली. आंब्यापासून किती पावलं, दगडापासून किती.

परतताना वज्रेश्वरीच्या अलीकडे पावसाने गाठलं. ती पाठीला टेकून पेंगायला लागली तशी गाडी एका पत्र्याच्या शेडखाली लावली आणि तिची झोप होईपर्यंत बसून राहिलो. तासभर. पत्र्यावर पाऊस, तिच्या पोटऱ्यांवर वाळत चाललेला चिखल.

दांड्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईने जूनमधला तांदूळ शिजवला होता. पहिला घास घेत आई म्हणाली, "हा तुझा भात का गं?"

"माझा नाही," लेक म्हणाली. "माझा अजून पाण्यात उभा आहे."