परसातील तरणतलाव आणि स्वस्ताईचा हिशेब

पुणे

चि. निखिल यास,

शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरण्याचे काम हातात बसल्यावर कर्जत, अलिबाग, मुळशी या पट्ट्यातील बंगल्यांच्या परसात लहान तरणतलाव बसवून देण्याचा धंदा सुरू करावा, आणि तोही मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशा किमतीत, हा तुझ्या पत्रातील बेत गंभीरपणे तपासण्याजोगा आहे. तलाव स्वस्त पडेल की महाग, हे त्याच्या साहित्यापेक्षा खालची जमीन आणि आतले पाणी अधिक ठरवतात, हे त्या तपासणीचे सार आहे.

लहान तलाव करण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिली सळई-काँक्रीटची, जी टिकाऊ असली तरी गवंडी, जलरोधक थर आणि फरशी यांमुळे वेळखाऊ व खर्चिक ठरते. दुसरी फायबरग्लासच्या तयार कवचाची, ज्यात कारखान्यात घडवलेले अखंड भांडे ट्रकने आणून क्रेनने खड्ड्यात उतरवले जाते. आणि तिसरी लायनरची, म्हणजे भिंती व तळ उभारून त्यावर पीव्हीसीचे अस्तर ताणून बसवण्याची. शेततळ्याच्या कामाचा अनुभव तिसऱ्या पद्धतीला जवळचा असला, तरी दोन्ही कामे एक नव्हेत. शेततळ्यात साधारण ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद उतरत्या बाजूंवर मोकळा पसरता येतो. तरणतलावाच्या उभ्या भिंतींवर, कोपऱ्यांत आणि पायऱ्यांवर मात्र लवचीक पीव्हीसी लागते, आणि त्यातील जाळीयुक्त, सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे अस्तर गरम हवेने जागेवरच जोडावे लागते. नळ जेथे भिंतीतून आत येतो तेथे गळती होण्याचा धोका सर्वाधिक असल्याने कारागिराची परीक्षा त्या सांध्यांवरच होते.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. पठारावरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते, त्यामुळे तिच्यावर थेट टेकवलेला तळ वर्षातून दोनदा हलतो. तेथे ती माती काढून मुरूम भरून दाबणे अपरिहार्य असते, आणि ती भरणी अंदाजपत्रकात आधीच धरली नाही तर नफा तिच्यातच गाडला जातो. सह्याद्रीच्या पायथ्याशी उलट अडचण येते: फूट-दोन फुटांवर काळा दगड लागला, की जेसीबीचे काम ब्रेकरवर जाते आणि खोदाईचा दर बदलतो. रायगडच्या भातखाचरांच्या पट्ट्यात तिसरे संकट उभे राहते, कारण पावसाळ्यात भूजल जमिनीच्या पृष्ठभागालगत येते. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल तलावात २१.६ घनमीटर, म्हणजे २१,६०० लिटर पाणी मावते. असा तलाव रिकामा असताना भोवतीचे पाणी केवळ ०.६ मीटर उंचीपर्यंत चढले, तरी त्याला वर उचलणारे बल सुमारे १०.८ टन वजनाइतके होते, आणि तेवढ्या जोरापुढे फायबरग्लासचे हलके कवच खड्ड्यातून वर उचलले जाते. यावर कवचाखाली खडीचा निचरा, पाणी उपसता येईल असा खड्ड्याच्या कडेचा उभा पाइप आणि भूजलाचा दाब सोडणारी झडप हे उपाय आहेत. तलाव पावसाळ्यात कधीही पूर्ण रिकामा करू नये, ही सूचनाही ग्राहकाला लेखी द्यावी लागते.

पाण्याचे गणित तलाव बांधल्यावर सुरू होते. वर दिलेल्या तलावाला दहा हजार लिटरचे दोन टँकर पुरत नाहीत. शिवाय १८ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडाले, तर १०८ लिटरची भर रोज घालावी लागते. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतो, तेथे असा तलाव विकणे धंद्याच्या दृष्टीने अदूरदर्शी आणि शेजारधर्माच्या दृष्टीने अनुचित ठरते. म्हणून कवचाच्या मापाआधी वर्षभर टिकणाऱ्या पाण्याची चौकशी झाली पाहिजे.

साठवलेले पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी ते गाळणे आणि निर्जंतुक करणे या दोन क्रिया चालतात. सारे पाणी आठ तासांत एकदा गाळणीतून फिरवायचे, तर या तलावाला ताशी २.७ घनमीटर प्रवाह पुरतो, त्यामुळे मोठा पंप विकण्याचा मोह टाळता येतो. पाण्यातील मुक्त क्लोरीन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक, ७.२ ते ७.८ राखावा लागतो. ऊन क्लोरीन नष्ट करते, म्हणून सायन्युरिक आम्ल हे संरक्षक द्रव्य घालतात; परंतु ते उडून जात नाही, साचत राहते आणि प्रमाणाबाहेर गेले की क्लोरीनची क्रिया मंदावते, मग काही पाणी बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. क्लोरीनच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची भुकटी एकत्र आल्यास आग किंवा स्फोट होऊ शकतो, म्हणून दोन्हींचे डबे व मापे वेगळी असावीत.

ही निगा बहुतेक ग्राहकांना जमत नाही, आणि या लहान उद्योगाचा स्थिर आधार तेथेच आहे. खोदाईची कामे दिवाळीनंतर वैशाखापर्यंत चालतात; पावसाळ्यात नवी कामे थांबतात, पण शेवाळ, गाळ आणि डासांची अंडी थांबत नाहीत. आठवड्याच्या फेरीचे वार्षिक कंत्राट असल्यास कारागिरांचा पगार पावसाळ्यातही निघतो, आणि तलाव बसवताना नफा थोडा कमी घेणे परवडते. स्वस्ताई येथून येते. पातळ अस्तर किंवा अपुऱ्या भरणीतून आलेली स्वस्ताई दुरुस्तीत फिटते.

सुरक्षेची साधने मात्र ऐच्छिक जादा वस्तू म्हणून दाखवू नयेत. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने खासगी तलावांना कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा बंदिस्त छत यांपैकी एक सक्तीचे केले. ऑस्ट्रेलियात किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक लागते. लहान मूल बहुधा आवाज न करता बुडते, म्हणून केवळ लक्ष ठेवण्यावर विसंबता येत नाही. पंपाच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षक उपकरण आणि एकाऐवजी दोन शोषनळ्या, जेणेकरून एकीवर शरीर अडकले तरी दुसरी ओढ वाटून घेईल, ही दोन्ही मूळ दरपत्रकातच धरावीत.

कारभारापुरते इतके पुरे, की साहित्यासह जमिनीला कायम जोडलेल्या बांधकामाचा ठेका वस्तू व सेवा करात सेवा मानला जातो, त्यामुळे नोंदणीची मर्यादा मालविक्रीच्या ४० लाखांची नसून वार्षिक २० लाखांच्या उलाढालीची असते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. दगड लागल्यास जादा खोदाईचा दर करारात आधीच लिहून घ्यावा.

एकंदरीत, पहिल्या वर्षी एकाच मापाचे तलाव, एकाच तालुक्यात आणि हाताशी असलेल्या माणसांना आठवड्याला फेरी मारता येईल इतकेच घ्यावेत. पाणी नसलेली आणि कुंपण नाकारणारी कामे नम्रपणे परत करावीत. ज्याला अशी कामे सोडणे परवडते, त्यालाच हा धंदा परवडतो.



काका