घरातला सर्वांत जुना फोन

फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर 'अपडेट आले आहे' अशी पाटी दिसली की बहुतेक घरांत एकच बटण दाबले जाते : 'नंतर'. हाताशी काम असते, मुलाचा ऑनलाइन क्लास चालू असतो, नेटचा डेटा संपत आलेला असतो. कारणे खरीच असतात. पण पुढे ढकललेल्या या कामाचा फटका बसतो, तेव्हा तो बटण दाबणाऱ्यालाच बसेल असे नाही. अनेकदा घरातल्या दुसऱ्याच माणसाला बसतो. म्हणून हा विषय संगणकवाल्यांवर सोडून न देता घरात बोलावा, असे आम्हांला वाटते.

अपडेट या शब्दाने गैरसमज होतो. नवे रंग, नवी चित्रे, बटणांच्या बदललेल्या जागा, एवढेच त्यातून डोळ्यांना दिसते. त्याच्या पोटात जो महत्त्वाचा भाग असतो त्याला 'पॅच' म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळ. ज्या घरांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या गेल्या, त्या घरांना ठिगळाचे महत्त्व सांगायला नको. विंडोजसारखी संगणकप्रणाली म्हणजे माणसांनी लिहिलेल्या कोट्यवधी ओळी. त्यांत कुठे ना कुठे टाका सुटतोच. कोणीतरी ते भोक शोधून काढतो, कंपनी त्यावर ठिगळ तयार करते आणि आपल्याकडे पाठवते. मायक्रोसॉफ्ट कंपनी 2003 सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशी ठिगळे देत आली आहे.

यातली एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ठिगळ जाहीर झाले की भोक नेमके कुठे होते, हेही जाहीर होते. चोरही ते ठिगळ उलगडून पाहतो आणि ज्यांनी अजून लावलेले नाही त्यांची दारे ठोठावत फिरतो. म्हणजे अपडेट आल्यानंतरचे दिवस आधीच्या दिवसांपेक्षा जास्त धोक्याचे असतात. नेमके त्याच दिवसांत आपण 'नंतर' म्हणत असतो.

2017 सालची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या भोकावर ठिगळ दिले. 14 एप्रिलला त्याच भोकातून आत शिरण्याचे तयार हत्यार एका टोळीने इंटरनेटवर उघड टाकले. आणि 12 मेला, शुक्रवारी, 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर सुटला. तो संगणकातल्या फायलींना कुलूप लावायचा आणि पडद्यावर खंडणी मागायची पाटी आणायचा : तीनशे डॉलर द्या, तरच किल्ली मिळेल. कोणी काही उघडण्याची वाट न पाहता तो एका संगणकातून दुसऱ्यात स्वतःच जात होता. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची बाधा झाली.

सर्वांत वाईट हाल झाले ते इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे. तिच्या 236 ट्रस्टपैकी किमान 80 ट्रस्टना झळ बसली. काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या इस्पितळांकडे वळवाव्या लागल्या. तपासण्या आणि शस्त्रक्रिया धरून सुमारे 19 हजार रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या चौकशीचा अंदाज होता. ठिगळ येऊन तोवर 59 दिवस झाले होते. ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे गेली, त्याने कुठलेही बटण दाबले नव्हते. 'नंतर' म्हणणारे हात वेगळे होते आणि भोगणारे शरीर वेगळे.

पुढच्याच महिन्यात हे संकट आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले. 27 जून 2017, ईदचा दुसरा दिवस. 'नॉटपेट्या' नावाच्या दुसऱ्या किड्याने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले, आणि न्हावा-शेवा बंदरातले याच समूहाकडे असलेले टर्मिनल त्यात अडकले. कंटेनरची नोंद संगणकावर होत असल्याने कामे हाताने करायची वेळ आली आणि मालाची उठाठेव रखडली. त्या कंपनीला सुमारे 45 हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले.

या दुसऱ्या किड्याची एक खोड घर चालवणाऱ्यांनी समजून घ्यावी. तो ठिगळ न लावलेल्या एका संगणकात शिरायचा, तिथले पासवर्ड चोरायचा आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या, ठिगळ लावलेल्या संगणकातही जायचा. दहांपैकी नऊ दारांना कडी घातली तरी दहावे उघडे राहिले की घर उघडेच.

आता आपल्या घरातले दहावे दार कोणते, ते पाहू. आमच्या घरात फोनचा प्रवास ठरलेला आहे. आखातात नोकरीला असलेला धाकटा भाऊ सुट्टीवर येताना नवा फोन आणतो. मग थोरल्या भाईजानचा फोन भाभीकडे जातो, भाभीचा पुतण्याकडे आणि फिरत फिरत सर्वांत जुना अम्मींच्या उशाशी येऊन पोहोचतो. थोड्याफार फरकाने अनेक घरांत असेच होत असेल. पण नीट विचार केला तर यातून एक उलटा हिशोब तयार होतो. ज्या फोनला कंपनीने अपडेट देणे कधीच थांबवले आहे, तो अशा माणसाच्या हाती पडतो जे फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'बेटा' म्हणते. त्याच फोनच्या नंबरला मरहूम अब्बांच्या पेन्शनचे बँक खाते जोडलेले असते, ओटीपी त्यावरच येतो, आणि पासपोर्टपासून हजच्या अर्जापर्यंतच्या कागदांचे फोटो त्याच गॅलरीत पडलेले असतात. घरातली सर्वांत मोठी अमानत सर्वांत विरलेल्या कापडात बांधलेली असते.

आम्ही हा विषय काढला तेव्हा अम्मींनी फोन बदलायला साफ नकार दिला. "चालतोय ना? मग कशाला हात लावता? मागच्या वेळी तुम्ही काहीतरी केलेत आणि हिरवे बटण दुसरीकडे गेले. दोन दिवस मला आपाला फोन लावता आला नाही." ही तक्रार खोटी नव्हती. नजर अधू झालेले माणूस जागेच्या खुणेवर चालते, आणि अपडेट त्या खुणा हलवते. खरे कारण मात्र दोन दिवसांनी कळले. अब्बांनी इस्पितळातून पाठवलेले आवाजी निरोप त्या फोनमध्ये होते. "फोन बदला," अम्मी म्हणाल्या, "पण त्यांचा आवाज हलवू नका."

मग आम्ही घाई केली नाही. पुतण्याने ते सगळे निरोप एका पेन ड्राइव्हवर आणि भाईजानच्या संगणकावर उतरवून घेतले आणि अम्मींना तिथे वाजवून दाखवले. जुन्या फोनमधले सिमकार्ड काढले, बँकेचे ॲप आणि कागदांचे फोटो पुसले, वायफाय बंद केले. तो फोन आजही त्यांच्या उशाशी आहे, अब्बांचा आवाज सांभाळत. जो फोन इंटरनेटला जोडलेलाच नाही, त्याच्यात दुरून कोण शिरणार? बँकेचा नंबर मात्र एका साध्या पण नव्या फोनमध्ये गेला. तो घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी आम्ही एकच विचारले : याला सुरक्षेची अपडेट किती वर्षे मिळणार? काही कंपन्या आता निवडक फोनना सात वर्षांपर्यंत हमी देतात, काही जेमतेम दोन-तीन. स्वस्त फोन कधी महाग पडतो, ते या आकड्यावरून कळते.

काही जण विचारतात, अपडेटमधूनच विष आले तर? शंका बरोबर आहे. नॉटपेट्या सुरुवातीला युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता. पण असे क्वचित घडते, आणि ठिगळ न लावल्याने होणारे नुकसान रोजचे आहे. खरी सावधगिरी वेगळ्या ठिकाणी हवी. व्हॉट्सॲपवर 'तुमचे बँक ॲप बंद होणार, ही फाइल टाका' असा निरोप येतो, किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एखादी एपीके फाइल येते. ते अपडेट नव्हे, ती लूट आहे. अपडेट फोनच्या सेटिंगमधून किंवा प्ले स्टोअरमधूनच घ्यावे, निरोपातून आलेले कधीच घेऊ नये. आणि 'आम्ही अनोळखी काही उघडतच नाही, मग आम्हांला काय भीती?' असे म्हणणाऱ्यांनी 2019 सालचा मे महिना आठवावा. व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये असे भोक सापडले होते, की समोरच्याने फोन उचलला नाही तरी हेरगिरीचे सॉफ्टवेअर आत जाऊ शकत होते. त्यावर उपाय एकच होता, ॲप अपडेट करणे.

घरच्या संगणकाचेही तेच. अनेक घरांतले संगणक स्थानिक दुकानातून जोडून घेतलेले असतात. त्यात चोरीची विंडोज भरून, ती पकडली जाऊ नये म्हणून अपडेट बंद करून दिलेली असते. आमच्याकडे आलेला एक संगणक असाच निघाला. अशा वेळी अस्सल विंडोज घ्यावी, नाहीतर फुकट मिळणारी लिनक्स टाकावी. विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. भिंतीवरच्या वायफायच्या डब्यालाही अपडेट लागते, आणि त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा लागतो.

आमच्या घरात हे काम आता जुम्याला जोडले गेले आहे. नखे काढायची, धुतलेले कपडे घालायचे, अत्तर लावायचे, त्याच सकाळी सगळे फोन चार्जिंगला लागतात. मायक्रोसॉफ्टची ठिगळे दुसऱ्या मंगळवारी येतात, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. शुक्रवारपर्यंत ती घराघरांत पोहोचलेली असतात. आधी फोटो आणि कागदांची एक प्रत वेगळी ठेवायची, मग अपडेट सुरू करायचे. नमाजहून परत येईपर्यंत बहुतेक कामे उरकलेली असतात. जिथे 'आपोआप अपडेट' अशी सोय आहे, तिथे ती चालूच ठेवली आहे. जिम्मेदारी पुतण्याकडे आहे. त्याला एक अट मात्र घातली आहे : बटण दुसरीकडे गेले असेल, तर दादीजवळ बसून नवी जागा दाखवायची, त्यांच्या हाताने दोनदा फोन लावून घ्यायचा, मगच उठायचे.

वाचक बंधू-भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. येत्या जुम्याला घरातला सर्वांत जुना फोन हातात घ्या, पण ज्यांचा आहे त्यांना विचारून. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' अशी ओळ शोधा. तिच्यासमोर एक तारीख असते, म्हणजे शेवटचे ठिगळ कधीचे आहे ते. तारीख दोन-तीन महिन्यांतली असेल तर ठीक. वर्ष-दोन वर्षांपूर्वीची असेल आणि पुढे काही येत नसेल, तर त्या फोनमधून आधी बँक काढा, मग कागदांचे फोटो काढा. फोन बदलायचा की नाही, ते त्यांच्याशी बोलून ठरवा.