तेहतीस मीटर खालचा सह्याद्री

पुण्याला टेकड्यांचं वेड आहे. पहाटे पर्वतीच्या पायऱ्यांवर, वेताळ टेकडीच्या वाटांवर माणसं चढत असतात. माथ्यावर पोचलं की वाऱ्याकडे तोंड करून घटकाभर उभं राहायचं, हा इथला नित्यनेम. निसर्ग भेटायचा तर वर जावं लागतं, ही समजूत अशी पिढ्यान्‌पिढ्या मुरत आली आहे. जिल्हा न्यायालयाच्या मेट्रो स्थानकात उतरताना मात्र ती डळमळू लागते. वनाज ते रामवाडी हा मार्ग इथे खांबांवरून जातो आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवरून. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत याची गणना होते. खांद्यावर पिशव्या आणि कानांत गाणी घेऊन इथे रोज जी गर्दी सरकत्या जिन्यांवरून खाली जाते, ती नकळत सह्याद्रीच्या पोटात उतरत असते.

कारण पर्वती ज्या दगडाची, तोच दगड इथे खालीही आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि पसरत गेला. उंच ज्वालामुखीच्या तोंडातून उसळावा तसा नव्हे. भरलेली नदी काठ सोडून शिवारात शिरते तसा. एक थर निवला की मधे मोठा काळ जायचा आणि मग त्यावर दुसरा यायचा. आजही हा कातळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी २ किलोमीटरच्याही वर जाते. ऊन-पावसानं आणि नद्यांनी त्यातलं जे कोरून नेलं ते गेलं. जे मागे उरलं त्याला आपण टेकड्या, डोंगर आणि किल्ले म्हणतो. टेकडी चढणारा माणूस या थरांची चळत खालून वर पाहतो. जिन्यावरून उतरणारा त्याच चळतीत आणखी मागच्या काळाकडे जातो.

विहिरी खणणाऱ्यांना हे भूगर्भशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होतं. वर माती, मग मुरूम, मग कुठे ठिसूळ, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, तर कुठे पहार लावली की ठिणगी उडणारा काळा पाषाण. मांजऱ्यातले ते ठिपके म्हणजे निवत्या लाव्हात अडकलेले वायूचे बुडबुडे. लाव्हा थिजला तशा पोकळ्या राहिल्या, झिरपत्या पाण्यानं तिथे खनिजं आणून ठेवली आणि अंधारात, कोणी पाहणारं नसताना, त्यांचे स्फटिक झाले. पाषाणच्या खाणींतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेला असतो. ज्या दगडाला आपण नुसता काळा म्हणून सोडून देतो, त्याच्या आत हे रंग आहेत.

काळ्या थरांच्या मधे अधूनमधून एक लाल पट्टी येते. घाटातल्या रस्त्याच्या कडेला डोंगर कापलेला असतो तिथे ती सहज दिसते. पहिला थर निवला, दुसरा यायला अवकाश होता, तेवढ्यात पावसानं वरचा दगड झिजवून त्याची माती केली. पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला आणि ती भाजून निघाली. विदर्भाकडे दोन थरांमधल्या गाळात ताडवर्गीय झाडांचे आणि गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडतात. म्हणजे आगीच्या दोन पुरांमधे इथे तळी होती आणि तळ्यांकाठी सावली होती. निसर्गानं उसंत मिळताच पुन्हा संसार मांडला होता. ती लाल पट्टी पाहिली की मला हात जोडावेसे वाटतात.

आणि हे सगळं घडलं तेव्हा ही भूमी इथे नव्हतीच. त्या वेळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहयुक्त कणांनी पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली आणि आजही त्यांच्यावरून दक्षिण गोलार्धातलं ते मूळ ठिकाण वाचता येतं. स्वारगेटला निघालेल्या प्रवाशाभोवतीचा कातळ समुद्र आणि विषुववृत्त ओलांडून इथवर आलेला आहे.

या स्थानकाच्या छताची रचना अशी आहे की दिवसाचा उजेड खालपर्यंत पोचावा. आकाशाचा हिशेब त्यामुळे इथेही चालतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्यानं मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. डिसेंबरात तोच सूर्य माध्यान्हीलाही दक्षिणेकडे ४८ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे कुठल्याही खोल जागेत ऊन उत्तरेच्या भिंतीकडे कलतं. जूनमधे उलटं होतं: सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला जातो, पण तेव्हा बहुधा ढग भरून आलेले असतात. आडात डोकावणाऱ्या जुन्या पुणेकराला पाण्यावरच्या चकाकीवरून वेळ कळत असेल. खोलीत शिरणारा उजेड घड्याळही असतो आणि पंचांगही.

हवेची गोष्ट निराळी. स्थानकातला गारवा यंत्रांनी आणलेला आहे. पण भिंतीपलीकडच्या कातळाला वैशाखही माहीत नाही आणि पौषही. जमिनीखाली दहा-पंधरा मीटर गेलं की उन्हाळ्या-हिवाळ्याचा चढउतार जवळजवळ विरून जातो. तिथलं तापमान वर्षाच्या सरासरीपाशी, इथे पंचविशीच्या आसपास, स्थिरावतं. या स्थिर जगात वारा फक्त गाडी आणते. बोगद्यातली हवा पुढे ढकलत ती येते, म्हणून गाडी दिसण्याआधीच फलाटावर झुळूक येते आणि ओढण्या व वर्तमानपत्रांच्या कडा हलतात.

इथून मार्ग कसबा पेठेकडे निघतो आणि मधे मुठा आडवी येते. ती खालून ओलांडायची असल्यानं नदीचं पात्र आणि बोगदा यांच्यात कातळाचं छप्पर ठेवावं लागलं. बोगदे खोदणाऱ्या यंत्रांना मुठा, मुळा आणि पवना अशी नावं दिली होती. पोलादी चकत्यांनी खडक फोडत यंत्र पुढे सरकायचं आणि मागे काँक्रीटच्या तुकड्यांची कडी एकेक करून बसवली जायची. हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, टणक खरा, पण त्याच्या भेगांतून पाणी वाहतं. पाणाड्याची सगळी विद्या त्या भेगांवरच उभी असते. म्हणून कडीच्या जोडांतून पाणी येऊ नये याची काळजी पावलोपावली घ्यावी लागते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि नदीखालून जाणं पुणेकरांच्या अंगवळणी पडलं. पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगणाऱ्या या शहरात आता मुठेखालून जाताना मोबाइलवरून नजरही उचलली जात नाही. खरं तर तिथे मान लवायला हवी. वरची नदी आपण किती मळवून ठेवली आहे हे आठवून तर अधिकच.

स्थानकापासून जवळच, जंगली महाराज रस्त्यावर, पाताळेश्वराचं लेणं आहे. आठव्या शतकात कारागिरांनी हाच कातळ छिन्नी-हातोड्यानं खाली खाली कोरत नेला आणि अंगणात नंदीचा गोल मंडप मूळ खडकातच उभा ठेवला. तिथे कुणी बाहेरून दगड आणला नाही. नको तेवढा काढला आणि उरलेल्याला देऊळ म्हटलं. तिथला खांब हाताला लागतो. मेट्रोच्या भिंतींना काँक्रीटचं अस्तर देणं भागच होतं, कारण इथे हजारो जिवांचा भार आणि कातळाच्या भेगांतलं पाणी सांभाळायचं आहे. पण त्या अस्तरामुळे आपण कुणाच्या घरातून जातो आहोत हे कळायची वाटच बंद झाली.

डोंगराला आपण देव मानलं, कारण तो दिसतो. खालचा डोंगर दाखवावा लागेल. एवढ्या मोठ्या स्थानकात त्याला वीतभर जागा द्यायला काय हरकत आहे? खोदकामातून निघालेली कातळाची एक लादी फलाटावर बसवावी: काळा पाषाण, मधे लाल पट्टी, एखाद्या पोकळीत लुकलुकणारे स्फटिक. तिला काच नको, कठडा नको. पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरानं तिच्याशेजारी शहराच्या स्वभावाविरुद्ध जाणारी एक पाटी लावावी: वय ६.६ कोटी वर्षे, कृपया हात लावावा.